चिप अडवली, पुढे काय झालं?

सुपरकॉम्प्युटरचा विषय निघाला की गप्पा 'एक नंबर कोणाचा' इथेच थांबतात. आज जरा आत शिरूया. अमेरिकेने चीनला चिप द्यायचं बंद केलं, तेव्हा नक्की काय अडलं?

२०१५ मध्ये जगात पहिला नंबर चीनच्या तिआन्हे-२ चा होता. मशीन चीनचं, पण आतले प्रोसेसर इंटेलचे. ते मशीन अण्वस्त्रांच्या कामाला वापरलं जातंय असं म्हणून अमेरिकेने त्या चिप थांबवल्या. आणि पुढच्याच जूनमध्ये वूशी शहरातलं सनवे ताइहूलाइट यादीत वर आलं. ९३ पेटाफ्लॉप्स, म्हणजे तिआन्हेच्या जवळपास पावणेतीनपट, आणि प्रोसेसर चिनी डिझाइनचा! आता बंदी आली म्हणून वर्षभरात चिप तयार झाली, असं नाही हं. या घराण्यातली आधीची चिप २०११ सालीच एका सुपरकॉम्प्युटरमध्ये बसली होती.

मला यात खरी गंमत वाटते ती चिपच्या रचनेची. एका प्रोसेसरवर २६० कोअर. त्यातल्या २५६ कामकरी कोअरना नेहमीसारखी डेटा कॅश नाही, प्रत्येकाला फक्त ६४ केबीची छोटी मेमरी. कुठला डेटा कधी आणायचा, कधी परत ठेवायचा, हे सगळं प्रोग्रामरने हाताने लिहायचं. ज्यांनी कधी परफॉर्मन्सचं काम केलंय त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. हार्डवेअरने वाचवलेले कष्ट सॉफ्टवेअरवाल्याच्या माथी!

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. यादी लावतात ती लिनपॅक चाचणीवर, आणि तिच्यात भरपूर गणितं करायची असतात, डेटाची ने-आण त्या मानाने कमी. एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी मात्र मेमरीचा कस लावते. तिच्यात २०१६ मध्ये हे ९३ पेटाफ्लॉप्सचं मशीन जुन्या तिआन्हे-२ च्या मागे पडलं, आणि लिनपॅकवर साडेदहा पेटाफ्लॉप्स असलेल्या जपानच्या के कॉम्प्युटरच्याही मागे! तरी त्यावर चिनी टीमने हवामानाच्या गणितासाठी त्याच वर्षी गॉर्डन बेल पारितोषिक मिळवलं. म्हणजे माणसं तयार असली तर अवघड मशीनही राबवून घेता येतं.

पुणेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे दिला नाही, १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या टीमने परम ८००० बनवला. पण त्यातले ट्रान्सप्युटर होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे. जोडणी आणि सॉफ्टवेअर आपलं, सुटे प्रोसेसर बाहेरचे. ती वाट उघडी होती म्हणून परम झाला.

ऑक्टोबर २०२२ चे अमेरिकी नियम नेमके त्याच वाटेवर बसले. नुसती चिप नाही, चिप बनवायची यंत्रंही अडवली, आणि अमेरिकी तंत्रज्ञान वापरून दुसऱ्या देशात बनलेल्या चिपसुद्धा चिनी सुपरकॉम्प्युटरला द्यायच्या नाहीत असं ठरलं. अतिसूक्ष्म रचना छापणारी ईयूव्ही यंत्रं जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, आणि ती तर चीनला आधीच मिळत नव्हती. डिझाइन डोक्यात असतं, ते कोण अडवणार? पण फॅब कागदावर उभी राहत नाही. जुन्या पद्धतीने चिप बनते, फक्त तेवढ्याच गणिताला वीज जास्त लागते. अमेरिकेच्या एल कॅपिटानलाच साधारण ३० मेगावॉट लागतात, यावरून जुन्या चिपवर ते बिल कुठे जाईल याचा अंदाज करा.

या भांडणात यादीचंही नुकसान झालं. चीनने आपली नवी मोठी मशीन्स टॉप५०० कडे पाठवणंच सोडलं. २०२१ चं गॉर्डन बेल पारितोषिक नव्या सनवे मशीनवर क्वांटम सर्किटचं सिम्युलेशन करणाऱ्या चिनी टीमला मिळालं, पण ते मशीन यादीत शोधायला जाल तर सापडणार नाही. तेव्हा यापुढे 'अमेरिका पहिली' अशी बातमी आली, की आधी बघा, शर्यतीत धावलं कोण कोण!