एक पुतळा, अनेक छायाचित्रे

झाशी हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नेवाळकरांचे संस्थान, किल्ला आणि घोड्यावर स्वार झालेली राणी लक्ष्मीबाई उभी राहते. त्याच झाशीत, रेल्वेमार्गाच्या पलीकडे, सीपरी बाजार नावाची गजबजलेली वस्ती आहे. शिवपुरी या गावाचे जुने नाव सीपरी. त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरचा बाजार म्हणून हे नाव पडले. या वस्तीतील एका टेकडीवर हॉकीपटू मेजर ध्यानचंद यांचा उंच पुतळा उभा आहे. ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. परंतु त्यांचे घर झाशीत होते आणि ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत निधन झाल्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कारही झाशीतच झाले.

बाजारातून जाणारा-येणारा सहज मान वर करून हा पुतळा पाहतो आणि अलीकडे खिशातील मोबाइल काढून त्याचे छायाचित्रही घेतो. घरी गेल्यावर मात्र त्याला दिसते की चित्रात आकाश पांढरे फटक उमटले आहे आणि पुतळ्याच्या जागी एक काळी आकृती उभी आहे. चेहरा नाही, पोशाख नाही. डोळ्यांना जे स्वच्छ दिसत होते ते कॅमेऱ्याला का दिसले नाही, या प्रश्नापासून पुतळ्याच्या छायाचित्रणाचा अभ्यास सुरू होतो.

आपला डोळा उजेडातील आकाश आणि सावलीतील चेहरा जवळजवळ एकाच वेळी सामावून घेतो. कॅमेऱ्याची ही शक्ती मर्यादित असते. समोरच्या दृश्यातील एकूण उजेड मोजून तो आत किती प्रकाश घ्यायचा ते ठरवतो. टेकडीवरील पुतळ्यामागे सर्वत्र आकाशच असल्याने कॅमेरा आकाशाचा हिशेब करतो आणि प्रकाश कमी घेतो. मोबाइलच्या पडद्यावर पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवले तर बहुतेक वेळा तो चेहऱ्याचा हिशेब करू लागतो. मग आकाश फिके पडते, पण चेहरा उजळतो. मात्र काळी आकृती नेहमीच चूक असते असे नाही. सूर्य मावळताना पुतळ्याच्या मागे लाल आकाश असेल आणि हातातील हॉकीची काठी त्यावर स्पष्ट उमटत असेल, तर केवळ बाह्यरेषेवरूनही मनुष्य ओळखू येतो. अशा चित्राला छायाकृती म्हणतात. अट एवढीच, की काठी शरीराच्या रेषेत लपून जाऊ नये.

स्थिर वस्तूचे चित्र घेण्यात कसले कौशल्य, असे कोणाला वाटेल. परंतु छायाचित्रणाच्या जन्मापासूनच पुतळे हा या कलेचा आवडता विषय राहिला आहे. त्याचे कारण सुरुवातीला अगदी व्यावहारिक होते. त्या काळच्या रासायनिक कागदावर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. माणूस तेवढा वेळ निश्चल बसणे कठीण, पुतळा मात्र हलत नाही. शिवाय पांढऱ्या प्लास्टरवरून प्रकाश चांगला परावर्तित होतो. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पेट्रोक्लस या ग्रीक वीराच्या अर्धपुतळ्याची दोन निरनिराळी छायाचित्रे घातली होती. सूर्याच्या संदर्भात पुतळ्याची जागा बदलावी, मग तो आपल्या बैठकीवर थोडा थोडा फिरवावा, कॅमेरा जवळ वा दूर न्यावा, म्हणजे एकाच पुतळ्यापासून कितीतरी वेगळी चित्रे मिळतात, हे त्यांनी तेथेच सांगितले. ढगाळ दिवशी अनेक पुतळ्यांचे चित्र उन्हापेक्षा चांगले येते आणि ऊन असेल तर एका बाजूला पांढरे कापड धरून सावलीत उजेड पाडावा, ही त्यांची सूचना आजही लग्नसमारंभातील छायाचित्रकार पाळताना दिसतात. कापडाच्या जागी चंदेरी पत्रा किंवा थर्माकोलचा तक्ता आला, इतकेच.

सीपरी बाजारचा पुतळा काही बैठकीवर फिरवता येणार नाही. येथे फिरायचे ते सूर्याने आणि छायाचित्रकाराने. म्हणून चित्र घेण्यापूर्वी पुतळ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि सकाळचे व संध्याकाळचे ऊन त्याच्या कोणत्या अंगावर येते, हे एक-दोन दिवस नुसते पाहून ठेवावे. झाशी सुमारे साडेपंचवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या उन्हात कपाळ आणि नाक चकाकते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि सर्वांत तेजस्वी माणूसही थकलेला दिसतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम एक्केचाळीस अंश वर चढतो. हे कलते ऊन बाजूने आले, तर गालाचे हाड, कपड्याची चुणी, बोटांची पकड असे शिल्पकाराने घडवलेले उंचसखल भाग एकेक करून उठून दिसतात. समोरून सरळ येणारा प्रकाश हे सारे सपाट करून टाकतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा दोषही हाच.

प्रकाशाइतकेच महत्त्व कोनाला. पायथ्याशी उभे राहून वर कॅमेरा धरला, की जवळचे पाय मोठे आणि दूरचे डोके लहान दिसते. पुतळा भव्य वाटतो खरा, पण प्रमाण बिघडते. प्रमाण राखायचे असेल तर मागे सरावे आणि दूरचे जवळ आणणारे भिंग वापरावे. टेकडीच्या माथ्यावर मागे सरायला जागा मर्यादितच मिळणार. म्हणून खाली बाजारात उतरून, एखाद्या गच्चीवरून परवानगी घेऊन टिपलेले चित्र अधिक समतोल येऊ शकते. त्यात छपरे, विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्याही येतील. काहींना ही अडगळ वाटते. वास्तविक, तारांनी चेहरा कापला जात नसेल, तर वस्तीच्या वर उभा असलेला तिचा माणूस हे या जागेचे सर्वांत खरे चित्र होय.

कोन बदलला की अर्थही बदलतो. राणी लक्ष्मीबाईंच्या अनेक पुतळ्यांत दत्तक पुत्र दामोदरराव पाठीशी बांधलेला दाखवतात. समोरून घेतलेल्या चित्रात तलवार दिसते, मूल दिसत नाही. पाऊण बाजूने घेतले तर एकाच चौकटीत योद्धाही येते आणि आईही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांतील उंचावलेली तर्जनी नेमकी भिंगाच्या रोखाने आली, तर हात आखूड वाटतो. थोडे बाजूला सरकताच तो पूर्ण लांबीने दिसू लागतो. घोडेस्वाराच्या पुतळ्यात तर बाजू धरल्याशिवाय घोड्याची चाल कळत नाही. वि. पां. करमरकर यांनी घडवलेला पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा पाहणाऱ्याने हे स्वतः फिरून पडताळावे.

राणीचे सर्वमान्य असे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तिची मुद्रा लोकांच्या मनात ठसली ती चित्रे आणि पुतळे यांवरून, आणि पुतळे दूरवर पोचले ते छायाचित्रांतून. ध्यानचंदांचे तसे नाही. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, त्या तिन्ही संघांत ते होते. बर्लिन येथील अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. त्यांची छायाचित्रे आहेत. तरी त्यांच्या पुतळ्याचे चित्र घेणाऱ्याला निवड करावीच लागते. खालून घेतलेला उंच, आभाळाला टेकलेला ध्यानचंद हा हॉकीचा जादूगार होय. उलट, ढगाळ सकाळी दुरून घेतलेल्या चित्रात, विस्तीर्ण आकाशाखाली एकटी उभी असलेली लहानशी आकृती पाहून, पैशांच्या विवंचनेत गेलेली त्यांची अखेरची वर्षे आठवतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण एक जयंतीच्या पत्रिकेवर शोभेल, दुसरे शोभणार नाही.

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे याला १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने मोकळीक दिली आहे. चौथऱ्यावर चढणे, चित्रासाठी हार बाजूला सारणे हे मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता टाळावे.

ध्यानचंदांचे मूळ नाव ध्यानसिंग. सैन्यातील काम आटोपल्यावर ते चांदण्यात सराव करीत, म्हणून सोबती त्यांना ‘चंद’ म्हणू लागले, असे सांगतात. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. त्या उजेडात हा पुतळा टिपायचा, तर कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे आणि सुमारे अर्धे मिनिट प्रकाश आत येऊ द्यावा. बटण दाबतानाही धक्का लागू नये म्हणून कॅमेऱ्यातील काही सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी. खालच्या बाजारातील दिव्यांचा उजेड वर पोचत असेल, तर रात्र वाढून दुकाने बंद होईपर्यंत थांबावे लागते. तेवढ्या वेळात चंद्र मात्र सरकतो. म्हणून तो पुतळ्याच्या कोणत्या बाजूला येईल याचा अंदाज आधीच घेऊन तिपाई मांडावी.