मुक्या आश्रितांची सोय

सुटींत सहकुटुंब गांवीं जावयाचें म्हणजे तुळशीस पाणी कोण घालील, ही विवंचना पूर्वीं असे. आतां दिवाणखान्यांतील काचपेटींतल्या समुद्रमत्स्यांची असते. गेल्या वर्षीं आम्हीं शेजारच्या मुलास त्यांची निगा सांगितली. पाणी उतरतांच तो भक्तिभावानें मिठाचें पाणी ओतीत असे. महिन्यानें परतलों, तों दोन मासे दगावलेले!

समुद्रजलांत दर लिटरास सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेंच राहतात. म्हणून तूट भरावयाची ती शुद्ध, क्षाररहित पाण्यानेंच. तसेंच उरलेलें अन्न कुजून विषारी अमोनिया होतो. यास्तव रोजच्या खाद्याच्या पुड्या मोजून बांधून द्याव्या.

दोष त्या मुलाचा नव्हे, आमचा. आम्हीं काम सांगितलें, कारण सांगितलें नाहीं.