आटपाट नगर लंडनला गेलं

१९१४ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने मुलांसाठी एक पुस्तक काढलं, 'डेक्कन नर्सरी टेल्स'. लेखक चार्ल्स ऑगस्टस किंकेड, मुंबई इलाख्यातला आयसीएस अधिकारी. चित्रकार एम. व्ही. धुरंधर, म्हणजे १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि तिथल्याच राजाराम हायस्कुलात शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर. पुस्तक उघडावं तर पहिली गोष्ट रविवारची, मग सोमवारची, मग मंगळवारची. पुढे नागोबा, सोमा धोबीण, महालक्ष्मी आणि दोन राण्या. हातात अक्षता धरून आपल्या आज्या-पणज्यांनी श्रावणात ऐकलेल्या कहाण्याच या! आटपाट नगर आपलं नावसुद्धा न बदलता साहेबाच्या देशातल्या मुलांच्या उशाशी जाऊन पोचलं होतं.

किंकेड (१८७०–१९५४) हा झपाटल्यासारखा लिहिणारा माणूस. सरकारी काम सांभाळून त्याने तुळशीची कथा लिहिली, कृष्णचरित्र लिहिलं, पंढरपूरच्या संतांच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांबरोबर मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला. तो इतिहास आज अभ्यासक चाळतात. मला मात्र या सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे वीस गोष्टींचं छोटं पुस्तक. या कहाण्या आधी 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आल्या. मूळ मराठीला जमेल तितकं धरून भाषांतर केलं, असं किंकेड प्रस्तावनेत सांगतो. इंग्रज वाचकाला घटनांचा क्रम उमगावा म्हणून काही ठिकाणी थोडा फेरफार केला, विशेषतः रविवारच्या गोष्टीत, हेही तो लपवत नाही.

ही रविवारची गोष्ट म्हणजे आपली आदित्यराणूबाईची कहाणी. ती जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण ती चक्क गोष्ट ऐकण्याविषयीची गोष्ट आहे. गरीब ब्राह्मणाला वशाने बरकत येते. त्याची एक मुलगी राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप दोघींकडे कहाणी सांगायला जातो. राणीला सवड नसते, राजा शिकारीला निघालेला असतो. प्रधानाची बायको मात्र बसून ऐकते. झालं! राणीच्या घरी दारिद्र्य येतं. तिचा मुलगा मावशीकडे जातो, मावशी कोहळा पोखरून त्यात मोहरा भरून देते, आणि वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपात येऊन तो कोहळा काढून घेतो. एकेक मुलगा जातो आणि रिकाम्या हातांनी परततो. शेवटी राणी स्वतः बहिणीकडे जाते, वसा घेते, तेव्हा दिवस पालटतात.

खरी गंमत पुढे आहे. परतीच्या वाटेवर राणीला कहाणी सांगायची असते, पण ऐकायला कुणीतरी हवं, आणि तेही उपाशी. मग शोध सुरू होतो. एक मोळीविक्या भेटतो. राणी सहा मोती घेते, तीन त्याच्या हातात देते, तीन आपल्याकडे ठेवते आणि सांगू लागते. कहाणी संपते तेव्हा त्याची मोळी सोन्याची झालेली असते. पुढच्या मुक्कामावर माळी ऐकतो, त्याच्या विहिरीला पाणी लागतं. मुलं गमावलेली म्हातारी ऐकते, तिची मुलं परत येतात. सांगणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही फळ! श्रोत्याला निम्मे मोती मोजून देणारी अशी गोष्ट दुसरीकडे कुठे असेल तर मला ती वाचायची आहे.

सोमवारच्या गोष्टीतला राजा शंकराचा गाभारा दुधाने भरायला निघतो. नगरातलं सगळं दूध ओततात, गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने आधी घरची मुलं जेवू घातलेली असतात, लेकी-सुना न्हाऊ घातलेल्या असतात. उरलेलं थेंबभर दूध ती वाहते आणि गाभारा भरतो. वासरं-पोरं उपाशी ठेवून देवाला दूध नको, हे हुकूम सोडणाऱ्या राजाला एक घरकाम उरकून आलेली बाई शिकवते. असली कहाणी राज्य करायला आलेल्या अधिकाऱ्याने मन लावून इंग्रजीत उतरवावी, याचं मला फार नवल वाटतं.

कहाण्यांची मराठी लय इंग्रजीत टिकली नाही, ती टिकणं शक्यही नव्हतं. तिथे धुरंधर मदतीला धावले. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे संचालकपदाचं काम पाहणारे पहिले भारतीय ठरले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मचरित्र. बायका रेखाटण्यात त्यांचा हात असा बसलेला की ऑटो रॉथफेल्डने भारतीय स्त्रियांवर पुस्तक लिहिलं तेव्हा चित्रं त्यांचीच घेतली. नऊवारीचा काष्टा कुठे ताणतो, पदर खांद्यावरून कसा उतरतो, हे त्यांना आतून माहीत होतं. एखाद्या विलायती चित्रकाराने याच गोष्टी रंगवल्या असत्या तर महालक्ष्मीच्या गोष्टीतल्या दोन राण्या, पाटमाधवराणी आणि चिमादेवराणी, बहुधा अरबी सुरस कथांतल्या शहजाद्या झाल्या असत्या.

हे पुस्तक किंकेडने आपल्या लहानग्या मुलाला, डेनिसला अर्पण केलं आहे. त्याला या गोष्टी आवडल्या म्हणून त्या लोकांपुढे ठेवाव्याशा वाटल्या, असं त्याने तिथे म्हटलं आहे. म्हणजे किंकेडलाही श्रोता घरातच मिळाला होता. तो श्रोता मोठा होऊन स्वतः आयसीएसमध्ये आला आणि त्याने शिवाजी महाराजांवर 'द ग्रँड रिबेल' लिहिलं. ते १९३७ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी, ऐन तिशीत, तो समुद्रात बुडून गेला.

'डेक्कन नर्सरी टेल्स' आता इंटरनेटवर प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये फुकट वाचता येतं. शेजारी आपलं कहाण्यांचं पुस्तक ठेवून एकेक गोष्ट ताडून बघावी. दिव्यांच्या अवसेची तर जरूर: सुनेवर सूड उगवणारे उंदीर आणि झाडावर बसून एकमेकांना घरोघरची हकिकत सांगणारे दिवे दोन्हीकडे आहेत. फक्त एकट्याने मनात वाचू नका. घरातलं एखादं पोर समोर बसवा.