वियुग्मक (जीवरसायनशास्त्र)

वियुग्मक किंवा अनकपलर म्हणजे पेशींच्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रिया) चालणारे श्वसन आणि एटीपीची निर्मिती यांतील दुवा तोडणारे रसायन होय. वियुग्मकामुळे श्वसन थांबत नाही, उलट त्याचा वेग वाढतो; मात्र त्यातून मुक्त होणारी ऊर्जा एटीपीमध्ये न साठता उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. डायनायट्रोफेनॉल (डीएनपी) हे वियुग्मकाचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

कार्यपद्धती

श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जात असताना प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतील पटलाबाहेर ढकलले जातात. हे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून आत परततात, तेव्हा एटीपी तयार होते. हा सिद्धान्त ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनपी हे मेदात विरघळणारे क्षीण आम्ल आहे. ते पटलाबाहेर प्रोटॉन स्वीकारते, पटल ओलांडते आणि आत प्रोटॉन सोडते. त्यामुळे विकराला वळसा घालून प्रोटॉन परत येतात. ऑलिगोमायसिन हा पदार्थ एटीपी सिंथेजला रोधतो व श्वसन मंदावते. अशा वेळी वियुग्मक मिसळल्यास श्वसन पुन्हा वेग घेते. नवजात अर्भकांच्या तपकिरी मेदातील थर्मोजेनिन हे प्रथिन याच तत्त्वाने शरीर उबदार ठेवते.

इतिहास

१९३३ पासून अमेरिकेत डीएनपी वजन घटवण्यासाठी दिले जाऊ लागले. मोतीबिंदू, तीव्र ताप व मृत्यू यांच्या घटनांनंतर १९३८ मध्ये तेथे त्याचा औषधी वापर बंद झाला.

शेतीतील वापर

नागपूर जिल्ह्यातील कुही व भिवापूर हे तालुके मिरचीसाठी ओळखले जातात. मिरचीवरील कोळी या किडीच्या नियंत्रणासाठी भारतात क्लोरफेनापिर व डायफेन्थियुरॉन ही कीटकनाशके वापरली जातात. क्लोरफेनापिर मुळात वियुग्मक नाही. शरीरातील विकरे त्याचे ट्रॅलोपायरिल या प्रभावी वियुग्मकात रूपांतर करतात. डायफेन्थियुरॉनपासून तयार होणारा पदार्थ मात्र एटीपी सिंथेजला रोधतो, म्हणून त्याची गणना वियुग्मकांत होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेनंतर हे कीटकनाशक चर्चेत आले.

विषबाधा व उपचार

भरपूर घाम, तीव्र ताप, जलद श्वास व नाडी ही वियुग्मकाच्या विषबाधेची प्रमुख लक्षणे आहेत. क्लोरफेनापिरच्या विषबाधेत रुग्ण काही दिवस बरा वाटून नंतर एकाएकी गंभीर होऊ शकतो. त्यामुळे लक्षणे सौम्य असली तरी रुग्णालयात देखरेख आवश्यक ठरते. या विषांवर विशिष्ट उतारा नाही. शरीर बाहेरून थंड करणे हा उपचारातील महत्त्वाचा भाग आहे. हा ताप मेंदूतील तापनियंत्रक केंद्रामुळे आलेला नसल्याने पॅरासिटामॉलने उतरत नाही. ॲस्पिरिन टाळले जाते, कारण अधिक मात्रेत सॅलिसिलेट स्वतःच वियुग्मकाचे कार्य करते.