निवडता न येणारे खडे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाला बाजारपेठेचा राजा म्हटलेले असते. आपल्याला काय हवे, किती किमतीला हवे आणि दुकानदाराने पुढे केलेली वस्तू तीच आहे की नाही, हे सारे या राजाला ठाऊक असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाला मोठा तडा दिला तो जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाने. मालाचा दर्जा विकणाऱ्याला माहीत आणि विकत घेणाऱ्याला अज्ञात, अशी स्थिती असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो, हे त्याने दाखवून दिले. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्या निबंधात भारतीय बाजाराचाही उल्लेख आहे. तांदळात त्याच रंगारूपाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडून काढावे लागतात, असे तो नोंदवतो.

खडे निदान निवडता येतात. सुपात घेतले, डोळे ताणले, की ते सापडतात. एखादा राहिलाच तर दाताखाली येऊन तो आपली ओळख देतो. परंतु खिमा केलेल्या, मसाला लावलेल्या, शिजवून गोठवलेल्या मांसात दुसऱ्याच प्राण्याचे मांस मिसळले, तर ते ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते. खाऊन झाल्यावरही ग्राहक अज्ञानीच राहतो. या अज्ञानाची बाजारात किंमत काय होते, याचा धडा युरोपने २०१३ साली घेतला.

त्या वर्षी १५ जानेवारी रोजी आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एका पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ बर्गरांची डीएनए तपासणी केली असता १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए आढळला. टेस्को या बड्या दुकानसाखळीच्या एका बर्गरात तर गोमांसाच्या तुलनेत घोड्याचे प्रमाण २९ टक्के निघाले. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये फाइंडस कंपनीच्या ‘बीफ लझानिया’च्या १८ पैकी ११ नमुन्यांत ६० ते १०० टक्के घोड्याचे मांस असल्याचे उघड झाले.

ते मांस आले कोठून? रुमानियातील कत्तलखान्यांतून ते निघाले. सायप्रसमध्ये नोंदलेल्या एका व्यापारी संस्थेमार्फत विकले गेले. फ्रान्समधील एका कंपनीकडे पोहोचले. लक्झेंबर्गमधील कारखान्यात त्याचा लझानिया झाला आणि तो ब्रिटिश दुकानांच्या शीतकपाटांत येऊन बसला. या प्रवासात कोठेतरी ‘घोडा’ या शब्दाच्या जागी ‘गाय’ हा शब्द आला. घोड्याचे मांस गोमांसाहून स्वस्त असल्यामुळे या एका शब्दाच्या बदलात मोठा नफा होता. २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने या प्रकरणी संबंधितांना दोषी ठरविले.

फसवणूक पकडणाऱ्या कसोटीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. मांस शिजले की त्यातील प्रथिनांचे रूप बदलते, त्यामुळे प्रथिनांवर आधारलेल्या जुन्या कसोट्या अशा पदार्थांत लंगड्या पडतात. डीएनए त्या मानाने चिवट असतो. पेशीतील तंतुकणिकांमध्ये असलेल्या डीएनएच्या तर प्रत्येक पेशीत शेकडो प्रती असतात. त्यामुळे उष्णतेने पुष्कळ तुकडे झाले तरी वाचण्याजोगे काही उरतेच. कॅरी मलिस या शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधून काढलेल्या ‘पीसीआर’ पद्धतीने त्या तुकड्यांच्या लक्षावधी प्रती प्रयोगशाळेत तयार करता येतात आणि त्यांतील अक्षरक्रम ज्ञात प्राण्यांशी पडताळता येतो. वेष्टनावरचा शब्द बदलता येतो. हा क्रम बदलता येत नाही.

अर्थात, या कसोटीकडून तिच्या आवाक्यापलीकडची अपेक्षा करणे चुकीचे होईल. मांस कोणत्या प्राण्याचे, हे ती सांगते. ते कोणी मिसळले, हे सांगत नाही. त्यासाठी पावत्या आणि नोंदवह्याच धुंडाळाव्या लागतात. एकाच यंत्रावर दोन प्राण्यांचे मांस कापले गेल्याने उतरलेला अंशही ती दाखवते. म्हणून युरोपात एक टक्का ही मर्यादा धरून त्याखालचा अंश हेतुपुरस्सर भेसळीपासून वेगळा काढण्यात आला. शिवाय मांस खाण्यास सुरक्षित आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. घोड्यांना दिले जाणारे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक अन्नात येता कामा नये, असा तेथे नियम आहे. त्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागली. तिच्यात दोष थोडेच आढळले, आणि आरोग्याला असलेला धोका अत्यल्प असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. म्हणजे प्रश्न विषबाधेचा नव्हता, शब्दाच्या विश्वासाचा होता. फ्रान्समध्ये घोड्याचे मांस उघडपणे विकले जाते. तेथील ग्राहकाचीही तक्रार हीच होती की, न मागता ते त्याच्या ताटात आले.

आता मुख्य मुद्दा. ही तपासणी कोणी करावी? आयर्लंडमधील पाहणी कोणाच्या तक्रारीवरून झाली नव्हती, आणि ती होणेही शक्य नव्हते, कारण फसवणूक झाल्याचे ग्राहकाला कळतच नव्हते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपण होऊन बाजारातून नमुने उचलले, म्हणूनच सत्य बाहेर आले. गोमांसाची निर्यात हा ज्या देशाचा मोठा व्यवसाय, त्याच देशाच्या संस्थेने हे केले आणि न दडवता जाहीर केले, ही गोष्ट विशेष होय. याचा परिणामही दिसला. २०१३ साली युरोपीय संघाने सदस्य देशांत घोड्याच्या डीएनएसाठी ४,१४४ चाचण्या करविल्या, तेव्हा १९३ नमुने दोषी निघाले. म्हणजे साडेचार टक्क्यांहून अधिक. दुसऱ्याच वर्षीच्या फेरीत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. व्यापारी एका वर्षात साधू झाले असे नव्हे. पकडले जाण्याची शक्यता वाढली आणि हिशेब बदलला.

आपल्याकडे विद्येची वाण नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील लालजी सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक प्राण्यांना एकच लागू पडेल अशी डीएनए-ओळखीची पद्धत २००३ साली प्रसिद्ध केली, आणि वन्यप्राण्यांच्या शिकारीच्या तपासात ती उपयोगी पडली. कायदाही आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमान्वये खरेदीदार स्वतः शुल्क भरून पदार्थाचे विश्लेषण करवून घेऊ शकतो आणि दोष निघाल्यास शुल्क परत मिळते. मात्र तसा आपला इरादा त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा, अशी अट आहे. महिन्याच्या पगारात घर चालविणारा कोणता कारकून वा शिक्षक दुकानदाराला आधी सूचना देऊन, खिशातून शुल्क भरून, साऱ्या गावाच्या वतीने तपासणी करवील? फायदा सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, अशी वस्तू बाजार कधीच पुरेशी निर्माण करीत नाही. ती शासनालाच पुरवावी लागते. रस्त्यावरचे दिवे कोणी वर्गणीवर सोडीत नाही.

अशा तपासणीचा पहिला लाभ प्रामाणिक विक्रेत्याला होतो, हेही लक्षात घ्यावयास हवे. खरा माल विकणाऱ्याला खोट्या मालाच्या किमतीशी झुंजावे लागते आणि संशयाचा वाटाही उचलावा लागतो. मांस कोणत्या प्राण्याचे, या प्रश्नाभोवती आपल्याकडे संशय आणि संताप फार लवकर गोळा होतात. तेथे तर अफवेला नव्हे, कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेल्या नमुन्याच्या अहवालालाच प्रमाण मानले पाहिजे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रयोगशाळांना पुरेशी माणसे व पैसा मिळावा, नमुने तक्रारीची वाट न पाहता उचलले जावेत, आणि निष्कर्ष, ते कोणालाही अडचणीचे असले तरी, जनतेपुढे ठेवले जावेत. तांदळातील खडे गृहिणीने पिढ्यान्‌पिढ्या निवडले. तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात कधी दिसला नाही. हे नवे खडे तिला निवडता येणार नाहीत. त्यांचा खर्च आता अंदाजपत्रकातच दिसला पाहिजे.