अंडवृद्धी: पिशवी आणि पाणी

अंडवृद्धीत, म्हणजे हायड्रोसीलमध्ये, अंड वाढत नाही. नावच फसवे आहे. अंडाभोवती पातळ दुपदरी पिशवी असते. तिचे अस्तर थोडे पाणी सोडते आणि तेवढेच शोषून घेते. हा मेळ बिघडला की पिवळसर पाणी साचत जाते.

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीसारख्या गावात, जिथे जनावरांचा बाजार भरतो आणि उसाच्या मोळ्या उचलाव्या लागतात, तिथे दोष ओझ्याला दिला जातो. पण जोर करताना बाहेर येतो तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया. बोलण्यात दोन्हींना अंडवृद्धीच म्हणतात, तिथून घोटाळा सुरू होतो. अंतर्गळ आडवे झाल्यावर बहुधा आत जातो, खोकल्यावर फुगतो. अंधारात बॅटरी टेकवली तर पाण्याची पिशवी लालसर उजळते. मात्र पाण्याआड गाठही लपू शकते, म्हणून सोनोग्राफी टाळू नये.

अंडवृद्धीचे एक खरे कारण हत्तीरोग; तो म्हणजे नुसता सुजलेला पाय, हा समज अर्धवटच. डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमीमुळे जगात सुमारे 2.5 कोटी पुरुषांना अंडवृद्धी आहे. हातापायांची सूज आलेले सुमारे 1.5 कोटी. महाराष्ट्रात भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा त्याचा जुना पट्टा. अशा पट्ट्याबाहेर प्रौढांमध्ये बहुतेकदा ठोस कारण सापडत नाही. डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्या रक्तातले जंतू मारतात, पण मोठ्या पिशवीतले पाणी त्यांनी ओसरत नाही.

सुईने पाणी काढण्याचा उपाय सुश्रुतसंहितेइतका जुना. आराम लगेच पडतो, पण पाणी सोडणारे अस्तर जागेवरच राहते आणि पिशवी पुन्हा भरते; वर जंतुसंसर्गाची भीती. शस्त्रक्रियेत म्हणूनच पिशवीचा बंदोबस्त करतात: पातळ असेल तर उलटून शिवतात, जाड असेल तर बरीचशी कापून टाकतात. हत्तीरोगाच्या भागात कापणेच पसंत केले जाते, कारण पाणी पुन्हा भरण्याचे प्रमाण कमी राहते. भूल बहुधा कमरेखालची. ‘मर्दानगी जाते’ या धास्तीने कित्येकजण धोतराआड वर्षे काढतात; प्रत्यक्षात अंड आणि शुक्रवाहिनी जागच्या जागी राहतात. खरा धोका रक्त साकळण्याचा आणि पू होण्याचा. काही आठवडे ओझे उचलायचे नाही.

तान्ह्या बाळाच्या अंडवृद्धीचे कारण वेगळे: पोटातून अंडाच्या पिशवीत उतरणारी वाट उघडी राहिलेली असते. ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप मिटते. न मिटल्यास जांघेत लहान छेद घेऊन ती बांधतात.