सोसायटीच्या कचेरींत इंटरनेटची वांटणी

सामाईक विहिरीचें पाणी पाळीनें घेण्याची रीत आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याचा जितका हिस्सा, तितकी त्याची पाळी; आणि पाळी मोडली कीं तंटा उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यांतील विविध कार्यकारी सोसायट्यांच्या कचेऱ्यांत आतां अशीच एक नवी सामाईक वस्तु येत आहे, ती म्हणजे इंटरनेटची जोडणी. केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, आणि २०२३ सालीं अशा संस्थांस कॉमन सर्व्हिस सेंटरचीं कामें करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हां कर्जाची खतावणी, पीकविम्याचे अर्ज व सातबाऱ्याचे उतारे हीं सर्व कामें एकाच जोडणीवर येऊन पडतात. विम्याची मुदत संपत आली असतां ती जोडणी मंदावली, तर त्याची झळ दाराशीं रांगेंत उभ्या असलेल्या सभासदास लागते. म्हणून ही वांटणी कशी चालते व कशी करावी, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाहेरून आलेली काचेची बारीक तार कचेरींतील एका लहान पेटीपाशीं संपते. तारेंतून प्रकाशाच्या रूपानें आलेल्या खुणांचें ही पेटी विजेच्या खुणांत रूपांतर करते. तिच्यापुढें राउटर नांवाचें यंत्र असतें. कधीं कधीं दोन्ही एकाच डब्यांत असतात. राउटर हा या व्यवस्थेंतील पाटकरी होय. बाहेरच्या जगास सबंध कचेरीचा एकच पत्ता दिसतो; आंत मात्र राउटर प्रत्येक यंत्रास निराळा खाजगी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. कोणत्या यंत्रानें काय मागितलें याची टिपण ठेवून राउटर मागणी बाहेर पाठवितो व आलेलें उत्तर ज्याचें त्यास पोंचवितो. जुन्या पद्धतींत एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटिच होते व ते जगास पुरणार नाहींत असें दिसूं लागलें, तेव्हां १९९४ सालीं ही युक्ति पुढें आली.

विहिरीशीं असलेलें साम्य येथें संपतें. आज न उपसलेलें पाणी उद्यां कामास येतें. जोडणीचा न वापरलेला क्षण मात्र वायां जातो. म्हणून प्रत्येकास ठराविक हिस्सा बांधून देण्यापेक्षां, ज्याचें काम निकडीचें त्यास आधीं वाट द्यावी आणि रिकाम्या वेळीं सर्वांस मोकळीक असावी, हें श्रेयस्कर.

आतां हिशेब पाहूं. जोडणीचा वेग बिटांत मोजतात व कागदाचा आकार बाइटांत. ८ बिट म्हणजे १ बाइट. ४० मेगाबिटांच्या जोडणींतून सेकंदास फार तर ५ मेगाबाइट येतात. १,००० मेगाबाइटांचा चित्रपट कोणीं मोबाइलवर उतरविला, तर सबंध जोडणी तीन मिनिटांहून अधिक त्याच्याच कामीं लागूं शकते. विम्याचीं कागदपत्रें याच्या उलट, म्हणजे आंतून बाहेर जातात, आणि हा वेग पुष्कळदां कमी असतो. तो १० मेगाबिट धरला, तर २ मेगाबाइटांचे कागद दोन सेकंदांच्या आंत जातात. पण त्याच वेळीं एखादा मोबाइल आपलीं छायाचित्रें दूरच्या साठ्यांत पाठवूं लागला, तर अर्ज खोळंबतो. जोडणी घेतांना दोन्ही वेग विचारावेत तें यासाठीं.

व्यवस्था अशी करावी. टेबलावरचीं यंत्रें स्विचच्या द्वारें तारेनें जोडावीं. तारेचा एक फेर १०० मीटरांहून लांब नसावा. जाड भिंती व पत्रे यांनीं बिनतारी लहर क्षीण होते, म्हणून राउटर कपाटांत न ठेवितां उंचावर व मध्यभागीं ठेवावा. सोय असल्यास कामाच्या यंत्रांस अग्रक्रम लावावा. सभासदांच्या मोबाइलांसाठीं पाहुण्यांचें निराळें जाळें उघडावें. हिशेबाच्या यंत्रांत सभासदांचे आधार व बँकखात्यांचे आंकडे असतात; कोणाच्याहि मोबाइलास त्या जाळ्यांत शिरूं देणें म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीस टांगण्यासारखें आहे. राउटरबरोबर आलेला मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा.

वीज गेल्यास केवळ राउटर चालून भागत नाहीं. काचेच्या तारेची पेटीहि चालू राहिली पाहिजे. दोहोंस पुरेल अशी लहान बॅटरी ठेवावी. रस्त्याच्या खोदकामांत तार तुटली तर खोळंबा होऊं नये, यासाठीं सिमकार्डावर चालणारी दुसरी जोडणी हाताशीं असावी.

पाटकरी कितीहि चांगला असला तरी पाळी गांवानेंच ठरवावी लागते. तेव्हां मुदतीच्या दिवसांत जोडणीवर कोणतीं कामें आधीं व्हावींत, याचा ठराव संचालक मंडळानें करावा, आणि देखरेख एकाच कर्मचाऱ्याकडे सोंपवावी, अशी आमची सूचना आहे.